सडपातळ रुग्णाचा रक्तदाब : ‘इन्व्हेस्ट’ चाचणीतील एका निष्कर्षाचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर २००७ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात सेथ उरेट्स्की, फ्रान्झ मेसर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य निष्कर्ष रोज बीपीचे रुग्ण तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला बुचकळ्यात टाकणारा होता. उच्च रक्तदाब आणि हृदयधमनी विकार (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होणे) हे दोन्ही असलेल्या रुग्णांमध्ये, ज्यांचे वजन पाठ्यपुस्तकाप्रमाणे योग्य होते त्यांच्यापेक्षा जादा वजनाच्या आणि स्थूल रुग्णांची गत बरी निघाली होती. ‘वजन उतरवा’ हा सल्ला बीपीच्या प्रत्येक केसपेपरवर वर्षानुवर्षे लिहिला जातो आणि त्यामागे भक्कम शास्त्र आहे. असे असताना हजारो रुग्णांच्या नोंदी नेमक्या उलट दिशेला बोट दाखवत असतील, तर त्या नोंदी कुणाच्या आहेत, कशा घेतल्या गेल्या आणि त्यांतून काय सिद्ध होते, हे बारकाईने पाहणे भाग आहे. या लेखात त्या एकाच निष्कर्षाचा मागोवा घेतला आहे.

मूळ चाचणी

या नोंदी ‘इन्व्हेस्ट’ नावाच्या, रुग्णांवर केलेल्या औषध-चाचणीतल्या होत्या, आणि ती वजनाचा अभ्यास करण्यासाठी आखलेली नव्हती. फ्लोरिडा विद्यापीठातील कार्ल पेपाइन यांच्या नेतृत्वाखाली ती १९९७ मध्ये सुरू झाली. पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले, रक्तदाब आणि हृदयधमनी विकार दोन्ही असलेले २२,५७६ रुग्ण १४ देशांतून तिच्यात घेण्यात आले. एका गटाचा उपचार व्हेरापॅमिल या रक्तदाबाच्या औषधापासून सुरू झाला, दुसऱ्याचा अॅटेनोलॉल या दुसऱ्या औषधापासून, आणि गरजेनुसार पुढची औषधे जोडली गेली. २००३ मध्ये निकाल लागला तेव्हा दोन्ही उपचारपद्धती जवळपास बरोबरीत सुटल्या. औषधांची स्पर्धा अशी अनिर्णित राहिली असली, तरी हजारो रुग्णांची उंची, वजन, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि पुढे त्यांचे काय झाले याची व्यवस्थित नोंद हाती उरली, आणि याच नोंदीवरून वजनाचा प्रश्न नंतर विचारला गेला.

या क्रमाला महत्त्व आहे. औषधे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिलेली होती, त्यामुळे औषधांची तुलना न्याय्य होती. वजन मात्र कुणी वाटून दिलेले नव्हते. प्रत्येक रुग्ण आपले वजन आणि त्या वजनामागचा सगळा इतिहास सोबत घेऊन आला होता. म्हणजे चाचणी उत्तम दर्जाची असली, तरी वजनाविषयीचा तिचा निष्कर्ष हे साधे निरीक्षणच राहते. हा फरक बातम्यांत बहुधा हरवतो.

संशोधकांनी रुग्णांचे बीएमआयनुसार (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) पाच गट केले : २० पेक्षा कमी, २० ते २५, २५ ते ३०, ३० ते ३५ आणि ३५ च्या पुढे. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून ते वजनकाट्यावर उतरवून पाहू. १६५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन साडेचोपन्न किलोच्या खाली असेल तर तो पहिल्या गटात जातो, ६८ किलोपर्यंत दुसऱ्या, जवळपास ८२ किलोपर्यंत तिसऱ्या, ९५ किलोपर्यंत चौथ्या आणि त्यापुढे पाचव्या.

दुसऱ्या गटाची जोखीम १ धरली, तर मृत्यू, जीव न घेणारा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडण्याची जोखीम तिसऱ्या गटात ०.७७, चौथ्यात ०.६८ आणि पाचव्यात ०.७६ निघाली. दुसऱ्या शब्दांत, ८५ किलोच्या रुग्णाला ६५ किलोच्या रुग्णापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी धोका. त्याहून चमत्कारिक बाब अशी की दोन वर्षांनंतर योग्य वजनाच्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २०.७ अंकांनी उतरला होता, तर चौथ्या गटाचा १७.५ अंकांनीच. ज्यांचा दाब कमी उतरला, तेच अधिक जगले.

पहिला अर्थ आणि त्यातील खोट

स्थूलतेचा हा विरोधाभास तोवर वैद्यकाला अगदीच अनोळखी नव्हता. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांत तो २००२ मध्येच नोंदवला गेला होता, आणि हृदय निकामी होत चाललेल्यांत तसेच डायलिसिसवरच्या रुग्णांतही तसेच चित्र दिसले होते. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हृदयधमनी विकाराच्या अडीच लाख रुग्णांचे ४० अभ्यास एकत्र करून मांडण्यात आले, तेव्हाही सर्वांत कमी बीएमआय असलेल्यांत सर्वाधिक मृत्यू आढळले. या पार्श्वभूमीवर उरेट्स्की आणि मंडळींनी स्थूलतेचा काही संरक्षक परिणाम असावा असे सुचवले. आजारपणात चरबीचा साठा कामी येतो, असे एक स्पष्टीकरण तेव्हा सर्रास दिले जाई. ते साफ टाकाऊ नाही. दीर्घ आजारात ज्याच्या अंगात काही शिल्लक आहे तो तग धरतो, हे वॉर्डात दिसतेच. पण या प्रकरणात ते पुरेसे ठरत नाही, आणि त्याचा पहिला पुरावा त्याच शोधनिबंधात आहे.

स्थूल गटांना मिळालेला फायदा मुख्यतः एकूण मृत्यू कमी झाल्यामुळे दिसत होता. चरबीने हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे रक्षण केले असते, तर झटके आणि पक्षाघात यांतही तितकीच ठळक घट दिसायला हवी होती. फरक मृत्यूच्या रकान्यात साठत असेल, तर सडपातळ रुग्ण हृदयाखेरीज दुसऱ्याही कशाने तरी दगावत होते, अशी शंका रास्त आहे. माझ्या मते संपूर्ण निबंधातील सर्वांत बोलका तपशील हाच आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

आता चाचणीच्या दाराशी उभे राहून पाहू. आत येण्यासाठी रक्तदाब आणि हृदयधमनी विकार दोन्ही असणे आवश्यक होते. ९० किलोच्या माणसाला हे दोन्ही आजार जडायला त्याचे वजनच पुरेसे कारण असू शकते. ५५ किलोच्या माणसाकडे ते कारण नाही. तरीही तो या दारातून आत आला, याचा अर्थ त्याच्याकडे दुसरे एखादे जबरदस्त कारण असणार. चाळीस वर्षांची विडी असेल, घराण्यात लवकर येणारा हृदयविकार असेल, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत असतील. ही कारणे वजनापेक्षा अधिक घातक असतील, तर आत आलेल्यांपुरता सडपातळ माणूस अधिक धोक्यात दिसेल, आणि जाडपणाने कुणाचे रक्षण केलेले नसतानाही तसे भासेल. संशोधकांनी वय, मधुमेह, धूम्रपान असे घटक गणितात धरून हिशेब केला होता हे खरे. पण ‘धूम्रपान : होय’ एवढ्या नोंदीत किती विड्या, किती वर्षे आणि फुप्फुसांचे काय झाले, हे मावत नाही.

दुसरी अडचण काळाची आहे. वजन एकदाच, चाचणीत शिरताना, मोजले गेले. त्या दिवशी ५४ किलो भरलेला माणूस जन्मभर ५४ किलोचा होता की दोन वर्षांपूर्वी ६८ किलोचा होता, हे काट्याला कळत नाही. कर्करोग, क्षय, श्वासनलिकांचा जुना विकार, हृदयाची घटती ताकद, मूत्रपिंडाचा विकार हे सगळे आजार निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून वजन खातात. असा रुग्ण ‘योग्य वजन’ या रकान्यात जाऊन बसतो आणि दोन-तीन वर्षांत मरण पावतो. ‘इन्व्हेस्ट’मध्ये रुग्णांचा सरासरी पाठपुरावा तीन वर्षांहूनही कमी होता, म्हणजे अशा छुप्या आजारांनी येणारे मृत्यू नेमके याच कालखंडात मोजले जाणार. याउलट वाढलेल्या वजनाचा दुष्परिणाम दिसायला दशके लागतात.

तुलनेसाठी ५७ अभ्यासांतील नऊ लाख प्रौढांचे २००९ चे एकत्रित विश्लेषण घेता येईल. सर्वसाधारण लोकसंख्येतील या लोकांत सर्वांत कमी मृत्यू २२.५ ते २५ या पट्ट्यात आढळले. त्यापुढे बीएमआयच्या दर पाच अंकांना मृत्यूची जोखीम सुमारे ३० टक्क्यांनी चढत गेली, आणि २२.५ च्या खाली वाढलेली जोखीम बव्हंशी धूम्रपानाशी निगडित आजारांची होती. याचाच अर्थ कृशतेची बाजू तिथेही धोक्याची आहे. फरक इतकाच की तिथे जाडपणाचे बिल वेळेवर येते.

पट्ट्याची गोष्ट

येथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीकडे वळतो. रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, म्हणजे कफ, बहुतेक दवाखान्यांत एकच असतो आणि तोच सर्वांच्या हाताला लावला जातो. दंड जाड असेल तर कफ तोकडा पडतो, रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा चढतो. हा फरक किरकोळ नाही. बाल्टिमोर येथे १९५ जणांवर मुद्दाम निरनिराळ्या मापांचे कफ लावून केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा लावला तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी १९.५ अंकांनी जास्त दाखवला गेला. बारीक दंडाला नेहमीचा कफ लावल्यावर उलटे झाले. तिथे आकडा साडेतीन अंकांच्या आसपास कमी आला.

या प्रकरणाशी त्याचा संबंध सरळ आहे. जाड दंडाच्या ज्या माणसाचा खरा दाब १३० आहे, त्याला १४८ म्हणून रक्तदाबाचा रुग्ण ठरवले जाऊ शकते आणि तो ‘स्थूल उच्च रक्तदाब’ या रकान्यात एक निरोगी भर घालतो. ज्या बारीक माणसाचा दाब १४३ आहे त्याचा १४० च्या आतबाहेर मोजला जातो, म्हणून त्याचा आजार अधिक बळावल्याशिवाय तो रुग्ण ठरतच नाही. चाचण्यांमध्ये मापाची काळजी घेतली जाते, तेव्हा ‘इन्व्हेस्ट’चा सगळा निकाल कफवर ढकलणे चूक ठरेल. परंतु त्या निकालाची बातमी वाचून आपल्या दवाखान्यातल्या रुग्णांशी ती ताडून पाहणाऱ्याने आधी आपल्या भिंतीवर कोणता कफ टांगलेला आहे हे पाहावे.

औषधाचा वाटा

आतापर्यंतची सगळी स्पष्टीकरणे एकाच जातीची आहेत : सडपातळ रुग्ण मुळातच अधिक आजारी होता, किंवा मोजण्यात गफलत होती. २०१३ मध्ये मायकेल वेबर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या आकड्यांनी चर्चेला वेगळे वळण दिले, आणि मला हे वळण सर्वांत मोलाचे वाटते.

‘अॅकॉम्प्लिश’ या चाचणीत ११,५०६ जोखमीचे बीपी-रुग्ण होते. सर्वांना बेनाझेप्रिल हे रक्तदाबाचे औषध दिले जात होते. चिठ्ठीनुसार निम्म्यांना त्यासोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारे औषध आणि निम्म्यांना अॅम्लोडिपिन हे धमन्या सैल करणारे औषध मिळत होते. दोन्ही बाजूंचा रक्तदाब जवळपास सारखाच आटोक्यात आला. मग रुग्णांची वजनानुसार विभागणी करून हृदयरक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे दर हजार रुग्ण-वर्षांमागचे प्रमाण काढण्यात आले. लघवीच्या औषधाच्या बाजूला ते स्थूलांत १८.२, जादा वजनाच्यांत २१.९ आणि योग्य वजनाच्यांत ३०.७ होते, म्हणजे ‘इन्व्हेस्ट’मधला विरोधाभास येथे हुबेहूब हजर. अॅम्लोडिपिनच्या बाजूला हेच आकडे अनुक्रमे १६.५, १६.९ आणि १८.२ असे निघाले. विरोधाभास जवळपास विरघळून गेला.

या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. सडपातळ रुग्णांत लपलेले आजार, जुनी विडी, घटलेले स्नायू हे सगळे दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात वाटले गेले होते, कारण वाटणी चिठ्ठीने झाली होती. तरीही एका बाजूचा सडपातळ रुग्ण ३०.७ वर आणि दुसऱ्या बाजूचा १८.२ वर असेल, तर मधल्या फरकाला रुग्णाचे बारीक असणे जबाबदार धरता येत नाही. त्याला मिळालेले औषध जबाबदार धरावे लागते. ज्याला आपण जाडीचे वरदान म्हणत होतो, त्याचा निदान काही भाग बारीक माणसाला न मानवलेल्या उपचाराचा असावा.

शरीरक्रियेच्या दृष्टीने यात नवल नाही. स्थूल माणसाच्या शरीरात रक्ताचे आकारमान वाढलेले असते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त ढकलावे लागते. त्याचा दाब बऱ्याच अंशी या भरलेपणातून येतो. अशा ठिकाणी मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध मुळावर घाव घालते. सडपातळ माणसाच्या दाबाचा उगम बहुधा आवळलेल्या किंवा वयाने ताठरलेल्या धमन्यांत असतो. त्याच्या शरीरात काढून टाकण्याजोगे जादा पाणी नसतेच. ते काढले की शरीर रेनिन (दाब वाढवणारी साखळी सुरू करणारा मूत्रपिंडाचा स्राव) आणि अनुकंपी चेतासंस्था (ताणाच्या वेळी जागी होणाऱ्या चेतातंतूंचे जाळे) जागी करून धमन्या आणखी आवळते. यंत्रावरचा रक्तदाब उतरलेला दिसतो, पण त्यासाठी आतून मोजलेली किंमत वेगळी असते.

अर्थात हे एका चाचणीतील उपगटाचे विश्लेषण आहे, आणि त्यावरून ‘बारीक माणसाला लघवीची गोळी नको’ असा फतवा काढणे उतावीळपणाचे होईल. ऐंशी वर्षांपुढच्या ३,८४५ वृद्धांवरील ‘हायव्हेट’ या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला. तिच्यातील रुग्ण मुख्यतः पूर्व युरोप आणि चीनमधील होते, फारसे स्थूल नव्हते, आणि त्यांचा उपचार इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधापासूनच सुरू झाला होता. तरी तिथे एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. म्हणून औषधांच्या एका संपूर्ण वर्गाला दोष देता येत नाही. सावध शब्दांत इतके म्हणता येते की सडपातळ रुग्णाला अॅम्लोडिपिनसारख्या औषधापासून सुरुवात करण्यात तोटा दिसत नाही आणि फायदा असण्याची शक्यता मोठी आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात बहुतेक ठिकाणी पहिली गोळी अॅम्लोडिपिनचीच आहे, हे या दृष्टीने सोयीचे ठरले आहे. खासगी प्रॅक्टिसमध्ये नावाच्या शेवटी ‘एच’ (म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड) असलेली जोडगोळी रुग्णाचे वजन न पाहता लिहिली जाते, तिथे हा विचार अधिक लागू पडतो. मात्र कोणत्याही रुग्णाने हे वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नये. अचानक औषध सोडल्याने होणारे नुकसान या सगळ्या आकडेवारीपेक्षा कितीतरी निश्चित आहे.

‘इन्व्हेस्ट’च्याच नोंदींवरून मेसर्ली यांनी २००६ मध्ये आणखी एक बाब दाखवली होती. खालचा रक्तदाब फार खाली गेला की मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके वाढत होते. पक्षाघातात तशी वाढ नव्हती. हृदयाला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात होतो आणि तो खालच्या दाबावर चालतो. ताठर धमन्यांच्या सडपातळ वृद्धाचा दाब १६०/७० असा असतो. वरचा आकडा १३० वर आणण्याच्या नादात खालचा ५५ वर गेला, तर अरुंद झालेल्या हृदयधमन्यांचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

वजन उतरवण्याची परीक्षा

चरबी खरोखरच रक्षण करत असेल, तर ती उतरवल्यावर मृत्यू वाढायला हवेत. ही परीक्षा आता झाली आहे. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले, बीएमआय २७ किंवा अधिक असलेले आणि मधुमेह नसलेले १७,६०४ रुग्ण ‘सिलेक्ट’ या चाचणीत होते, आणि त्यांतील बहुतेकांना रक्तदाबही होता. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांनी त्यांचे वजन उतरले. २०२३ मध्ये आलेल्या निकालात हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण २० टक्क्यांनी कमी होते आणि एकूण मृत्यूही कमीच आढळले. या फायद्यातला किती भाग उतरलेल्या किलोंचा आणि किती औषधाच्या इतर परिणामांचा, यावर वाद आहे; पण रुग्णांची ढाल काढून घेतली म्हणून ते उघडे पडले, असे मुळीच घडले नाही. रक्तदाबापुरते बोलायचे तर २५ चाचण्यांच्या २००३ च्या एकत्रित विश्लेषणात सरासरी पाच किलो वजन उतरल्यावर वरचा दाब सुमारे साडेचार आणि खालचा साडेतीन अंकांनी खाली आला होता, म्हणजे ढोबळमानाने किलोमागे एक अंक. गोळीइतका हा परिणाम मोठा नाही, पण तो गोळीच्या जोडीला मिळतो.

आपल्याकडील शरीरे

‘इन्व्हेस्ट’चे गट भारतीय रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि याचे सर्वांत सुबक उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे एक छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. एक्स-रे पद्धतीने मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. काट्यावर एकसारखे दिसणारे दोन पुरुष आतून इतके वेगळे असतील, तर ‘इन्व्हेस्ट’मधल्या ‘योग्य वजन’ गटाचे निष्कर्ष सोलापूरच्या किंवा मडगावच्या रुग्णाला लावताना हात आखडता घ्यावा लागतो. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये जादा वजनाची रेषा २३ वर आणि स्थूलतेची २५ वर आणली, आणि पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली. आपल्या १६५ सेंटिमीटरच्या माणसाला ‘इन्व्हेस्ट’ ६८ किलोपर्यंत योग्य म्हणते. भारतीय मापाने तो ६३ च्या आसपासच रेषा ओलांडतो.

घेराचा मुद्दा या विरोधाभासातही निर्णायक ठरला आहे. हृदयधमनी विकाराच्या सुमारे १६,००० रुग्णांच्या नोंदी २०११ मध्ये एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा बीएमआय वाढेल तसे मृत्यू कमी दिसत होते, पण पोट सुटलेल्यांत ते वाढत होते, आणि बीएमआय योग्य असूनही पोट सुटलेले रुग्णही त्यातून सुटले नव्हते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी ठेवण आहे. अशा माणसाला ‘वजन तर बरोबर आहे’ म्हणून परत पाठवले जाते.

कृशतेच्या बाजूलाही आपले चित्र वेगळे आहे. मुंबईत १९९० च्या दशकात मतदारयाद्यांवरून घरोघरी जाऊन पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख लोकांची उंची-वजने नोंदवली गेली आणि पुढे त्यांच्या मृत्यूंचा माग काढला गेला. हा अभ्यास केवळ रक्तदाबाच्या रुग्णांचा नव्हता. त्यात कृश लोकांतील मृत्यू ठळकपणे जास्त होते, आणि त्यांच्या कारणांत क्षय आणि श्वसनाचे विकार पुढे होते. फ्लोरिडातील सडपातळ रुग्णामागे बहुधा सिगारेट आणि वार्धक्य उभे असते. चाळीतल्या सडपातळ रुग्णामागे क्षय, तंबाखू आणि अपुरे अन्न यांपैकी काहीही असू शकते.

दोन रुग्ण

आता हा सगळा विचार प्रत्यक्ष तपासणीच्या टेबलावर आणू. समजा, साठीतले दोन गृहस्थ एकाच सकाळी आले आहेत. दोघांची उंची १६५ सेंटिमीटर, दोघांचा रक्तदाब १५६ च्या घरात, दोघांनाही पूर्वी हृदयाचा त्रास होऊन गेलेला. एकाचे वजन ८६ किलो, दुसऱ्याचे ५४.

पहिल्याला काय सांगायचे हे ठरलेले आहे आणि ‘इन्व्हेस्ट’मुळे त्यात बदल होत नाही. मोठा कफ लावून दाब पुन्हा मोजायचा, घेर मोजायचा, झोपेत घोरणे आणि श्वास अडणे याची चौकशी करायची, मीठ आणि वजन दोन्ही हळूहळू उतरवायला सांगायचे. उपाशी राहून दोन महिन्यांत दहा किलो उतरवण्याचा नाद मात्र त्याला लागू द्यायचा नाही. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेले स्नायू सहजी परत येत नाहीत. त्याचे चालणे आणि जिने चढणे सुधारले, तर काट्यावर दोनच किलोंचा फरक पडला तरी तो वाया गेलेला नाही.

खरे काम दुसऱ्यापाशी आहे, आणि नेमका तोच पाच मिनिटांत बाहेर पडतो, कारण त्याला ‘वजन कमी करा’ हे सांगावे लागत नाही. त्याला विचारायचे ते साधे असते : “काका, पट्ट्याला नवीन भोक कधी पाडलंत?” उत्तर ‘लग्नापासून असाच आहे’ असे आले, तर चिंता निम्म्याने कमी होते. ‘मागच्या दिवाळीनंतर’ असे आले, तर रक्तदाबाची गोळी लिहिण्याआधी कारण शोधायचे. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता पाच टक्के वजन जाणे, म्हणजे ५७ किलोंचे ५४ होणे, हे तपासण्यांना पुरेसे कारण आहे. छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि हृदयाची सोनोग्राफी यांपैकी कशाला प्राधान्य द्यायचे ते खोकला, सूज, भूक आणि व्यसन यांच्या उत्तरांवर ठरते.

औषध ठरवताना त्याचा दाब बसून आणि उभे राहूनही मोजावा, कारण उभे राहताच दाब कोसळणारा रुग्ण बहुधा याच बांध्याचा आणि याच वयाचा असतो, आणि चक्कर येऊन पडून मांडीचे हाड मोडले की वर्षभरात दगावण्याची भीती कोणत्याही १५६ पेक्षा मोठी असते. खालचा आकडा आधीच सत्तरच्या आसपास असेल तर घाई न करता टप्प्याटप्प्याने उतरावे. ‘बीपी आहे, तेल-तूप, दूध, अंडी बंद’ हा सरसकट सल्ला तर त्याला देऊच नये. त्याला मीठ कमी हवे आहे, पण डाळ, उसळ, दूध आणि चालत असेल तर अंडे-मासळी ही अधिक हवी आहेत. पुढच्या भेटीला रक्तदाबाच्या शेजारी त्याचे वजन त्याच काट्यावर, चपला काढून, पुन्हा लिहावे, आणि ते मागच्या वेळेपेक्षा दीड किलोने कमी भरले तर तारीख एक महिन्याऐवजी दोन आठवड्यांची द्यावी.